बिघडलेल्या पडद्यावरची मराठी : लिनक्स कर्नलमधील ग्राफिक्स आधाराची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी आणि संगणक या विषयावर गेल्या तीन दशकांत झालेले लेखन पाहता त्याचा भर प्रामुख्याने फाँट, कळफलक आणि युनिकोड या तीन बाबींवर राहिल्याचे दिसून येते. हे स्वाभाविकच होते. एका कार्यालयात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कार्यालयात उघडला की त्याची अगम्य चिन्हे होत, हा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना युनिकोडचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. तथापि ही तिन्ही साधने ज्या पायावर उभी असतात, त्या पायाची चिकित्सा मराठीत फारशी झालेली दिसत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा यंत्राच्या प्रत्येक भागाशी थेट व्यवहार करतो त्यास कर्नल म्हणतात. पडद्यावर अक्षर उमटवणाऱ्या ग्राफिक्स हार्डवेअरला हा कर्नल जो आधार देतो, तोच येथे अभिप्रेत असलेला पाया होय.

प्रस्तुत लेख लिनक्स कर्नलपुरता मर्यादित आहे. लिनक्सची मूळ आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली असल्याने तिच्याविषयी पुराव्याने बोलता येते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण व्यावहारिक आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यासारख्या ठिकाणी महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील जुनी यंत्रे परवान्याच्या खर्चाशिवाय वापरात ठेवावयाची असल्यास लिनक्स हा एक परवडणारा मार्ग ठरतो, आणि जुन्या यंत्रावर लिनक्स बसवताना पहिली अडचण बहुधा ग्राफिक्सचीच येते. ज्या नगरातून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले, तेथे देवनागरी अक्षर यंत्रात कसे बसवावे हा प्रश्न तसा जुनाच. मुद्रकापुढे तो खिळ्यांच्या संख्येचा होता. आपल्यापुढे तो वेगळ्या रूपात उभा आहे.

लेखाचे प्रतिपादन असे : लिनक्सवर मराठी आज मेनूत आहे, ब्राउझरमध्ये आहे, लेखनाच्या आज्ञावलीत आहे, यंत्र ज्या ठिकाणी बिघडते नेमकी तेथे ती नाही. ही अनुपस्थिती भाषांतरकारांच्या आळसामुळे आलेली नाही. देवनागरी घडवण्याचे काम संगणकाच्या कोणत्या थराने करावे याविषयी जे निर्णय होत गेले, त्यांतून ती आली आहे.

पडद्याचा ताबा

संगणक सुरू केल्यावर पडदा क्रमाने तीन हातांत जातो. प्रथम यंत्रातील बायोस किंवा युईएफआय तो उजळवते, नंतर कर्नल त्याचा ताबा घेतो आणि शेवटी खिडक्या व मेनू असलेले चित्रमय वातावरण येते. २००९ पूर्वी यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या हातांतील कामाची वाटणी चमत्कारिक होती. पडद्याचे रिझोल्यूशन ठरवण्याचे काम एक्स सर्व्हर ही कर्नलबाहेरील आज्ञावली ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलून करीत असे, तर त्याच कार्डाच्या इतर काही व्यवहारांवर कर्नलची देखरेख असे. एका बैलजोडीचे कासरे दोघांच्या हाती असावेत तशी ही स्थिती होती. एक्स सर्व्हर कोलमडला तर कार्ड कोणत्या अवस्थेत सोडले गेले आहे, हे कर्नलला ठाऊक नसे.

मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२९ या आवृत्तीत ‘कर्नल मोड सेटिंग’ ही सोय इंटेलच्या ग्राफिक्ससाठी आली. पुढे एएमडीच्या रेडिऑन कार्डांना आणि फेब्रुवारी २०१० च्या २.६.३३ मध्ये एनव्हिडियासाठीच्या ‘नूव्हो’ ड्रायव्हरला ती मिळाली. रिझोल्यूशन ठरवण्याचे काम आता कर्नलमधील ड्रायव्हर करू लागला. ही सुधारणा योग्यच होती, याविषयी दुमत संभवत नाही. परंतु तिचा एक परिणाम पुरेसा बोलला गेला नाही. पूर्वी चित्रमय वातावरण उभे राहिले नाही तरी व्हीजीएचा साधा अक्षरपडदा शिल्लक राही आणि त्यावर संदेश वाचता येत. नव्या रचनेत ड्रायव्हर सुरुवातीच्या काही क्षणांतच पडदा ताब्यात घेतो. तो तेथे अडखळला तर काळ्या पडद्याखेरीज काही उरत नाही. बिघाडाची संख्या घटली असेल, पण जो बिघाड होतो तो मुका झाला.

निदानाची रीत आणि एक सरधोपट औषध

ग्राफिक्सच्या बिघाडाचे निदान पद्धतशीर करता येते. कार्ड कोणते आहे हे पीसीआय उपकरणांची यादी देणारी आज्ञा सांगते. तिच्यातील ८०८६ हा क्रमांक इंटेलचा, १००२ हा एएमडीचा. त्या कार्डास कोणता ड्रायव्हर जोडला गेला हेही तीच यादी दाखवते. त्यानंतर कर्नलच्या संदेशवहीत ड्रायव्हरने काय नोंदवले, त्याला लागणारे फर्मवेअर सापडले की नाही, हे पाहावयाचे असते. सर्वांत शेवटी चित्रे प्रत्यक्षात कोण रेखाटत आहे ते तपासावे. तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ हे नाव दिसले तर ग्राफिक्स चिप बाजूला बसली असून सर्व रेखाटन मुख्य प्रोसेसर करीत आहे, असे समजावे. जुन्या यंत्रावर अशा वेळी एक मराठी ओळ टाइप केली तरी अक्षरे बोटांच्या मागून येतात.

या क्रमाचे मोल एका नित्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. वर्गातील प्रोजेक्टर जोडला की चित्र अस्पष्ट आणि ओबडधोबड दिसते. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही. ‘लिनक्सला प्रोजेक्टर चालत नाही’ असा निष्कर्ष अशा प्रसंगी हमखास काढला जातो. वस्तुतः पडदा आपली क्षमता ‘एडिड’ नावाच्या एका छोट्या माहितीपत्रकातून संगणकाला कळवतो. व्हीजीए केबलमध्ये हे पत्रक १२ व १५ क्रमांकांच्या पिनांवरून येते. काही स्वस्त केबलींत या तारा जोडलेल्याच नसतात, आणि एकाच संगणकाचे चित्र दोन पडद्यांना पुरवणारे काही स्प्लिटर हे पत्रक पुढे पाठवीत नाहीत. पत्रक न मिळाल्यास कर्नल सुरक्षित अंदाज म्हणून १०२४ बाय ७६८ पर्यंतचीच रिझोल्यूशने देऊ करतो. म्हणजे येथे कर्नलचे वर्तन विवेकाचे आहे आणि दोष केबलीचा आहे. संदेशवहीतील एक ओळ हे सांगते. पण ती वाचणारा हवा.

अशा वाचनाची सवय नसल्यामुळे एक सरधोपट औषध रूढ झाले आहे. संगणक सुरू होताना कर्नलला ‘नोमोडसेट’ हा शब्द द्यावा, की काळा पडदा जातो, असे सांगितले जाते. तो जातो हे खरे. मात्र या शब्दाने होते ते इतकेच, की ग्राफिक्सचे खरे ड्रायव्हर काम करण्याचे नाकारतात आणि बायोस किंवा युईएफआयने आधीच उजळवून ठेवलेल्या पडद्यावर काम भागवले जाते. २०२१ च्या ५.१४ या आवृत्तीत आलेला ‘सिंपलडीआरएम’ हा ड्रायव्हर हेच काम नीटसपणे करतो. परंतु मग रिझोल्यूशन बहुधा बदलता येत नाही, चिपची गती मिळत नाही आणि नंतर जोडलेला प्रोजेक्टर ओळखला जाण्याची शक्यता उरत नाही. दुखरा दात शोधण्यासाठी घेतलेली भूल कायमची चालू ठेवावी, तसा हा प्रकार होय. निदानाची पहिली पायरी म्हणून नोमोडसेट उपयुक्त आहे, यात शंका नाही : त्याने पडदा आला तर दोष ड्रायव्हरकडे आहे एवढे निश्चित होते. आपल्याकडे मात्र पहिल्या पायरीलाच घर समजले गेले.

अक्षर कोणी घडवावे?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कर्नलचा अक्षरपडदा, ज्याला कन्सोल म्हणतात, तो चौकटींच्या जाळीचा बनलेला असतो. प्रत्येक चौकटीत एक आकार, आणि अशा आकारांचा साठा एका वेळी जास्तीत जास्त ५१२. ही मर्यादा मुळात व्हीजीए हार्डवेअरची आहे. हार्डवेअर बदलले तरी कर्नलने ती पुढे चालू ठेवली. रोमन लिपीला हा साठा मुबलक होतो. देवनागरीची अडचण साठ्याच्या आकाराची नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. ५१२ खिळ्यांत छापखान्याचे बरेच काम निभले असते. अडचण क्रमाची आहे. ‘स्थिती’ या शब्दात युनिकोडचे सहा संकेत येतात : स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त आणि दीर्घ वेलांटी. चौथ्या क्रमांकाची वेलांटी रेखाटताना सर्वांच्या आधी न्यावी लागते आणि पहिल्या तीन संकेतांचे एक जोडाक्षर करावे लागते. संकेत आला की चौकट भरली, एवढेच जाणणाऱ्या कन्सोलला हे साधत नाही. हे काम पँगो, हार्फबझ यांसारख्या आज्ञावली करतात, आणि त्या कर्नलच्या बाहेर, चित्रमय वातावरणात राहतात. परिणामी भाषेची निवड मराठी ठेवलेल्या यंत्रात चित्रमय वातावरण न उभारता कन्सोल आले, तर भाषांतरित संदेशांच्या जागी चौकोनांची किंवा प्रश्नचिन्हांची रांग दिसते. भाषांतर झालेले आहे, आणि म्हणूनच संदेश वाचता येत नाही, असा हा विचित्र प्रसंग.

हे असेच असावे लागते काय? पुण्याचा इतिहास या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर देतो. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतीय लिपींसाठी जे संशोधन झाले, ते मोहन तांबे यांच्यासह १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आले आणि ‘जिस्ट’ या नावाने प्रसिद्ध झाले. जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले, की डॉसमधील अक्षरपडद्यावर देवनागरी उमटे. डीबेस, वर्डस्टार यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींना आपण मराठी अक्षरे हाताळीत आहोत याचा पत्ताही नसे. जोडाक्षर घडवण्याचे काम त्यांच्या खाली कार्डावर होत असे. युनिक्ससाठी जिस्ट टर्मिनलही निघाले. म्हणजे देवनागरी तेव्हा सर्वांत खालच्या थरात, हार्डवेअरमध्ये होती, आणि त्यामुळे वरच्या साऱ्यांना ती आपोआप लाभत होती.

पुढचा टप्पा मुंबईतील एनसीएसटी या संस्थेचा. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. २००२ च्या सुमारास तेथे झालेल्या ‘इंडिक्स’ प्रकल्पाने देवनागरी घडवण्याचे काम लिनक्समधील एक्स विंडो व्यवस्थेत आणले, जेणेकरून त्या व्यवस्थेवरील जुन्या आज्ञावलींत फेरबदल न करताही भारतीय लिपी दिसाव्यात. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘रघु’ हा फाँट याच संस्थेत घडवला; विंडोजमधील ‘मंगल’ हा त्यांचाच. त्यानंतर पँगोसारख्या आज्ञावलींनी हे काम आणखी वरच्या थरात नेले, आणि २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फाँट मुक्त परवान्याखाली उपलब्ध केल्यावर चित्रमय लिनक्सवर मराठी स्थिरावली.

कार्डापासून विंडो व्यवस्थेपर्यंत, तेथून लेखनसाधनांपर्यंत, असा देवनागरीचा हा प्रवास खालून वर झालेला आहे. त्याचे लाभ उघड आहेत. जिस्ट कार्ड विकत घ्यावे लागे, ते एका संस्थेचे होते आणि त्याचा पाया इस्की या संकेतप्रणालीचा होता. आजची मराठी फुकट, खुली आणि जगभर सारखी आहे. कार्डाच्या काळाविषयी हळहळण्याचे कारण नाही. परंतु थर जितका वरचा, तितका तो खालच्या थरांच्या धडधाकटपणावर अवलंबून, हा हिशेबही मांडावयास हवा. डेबियन या लिनक्स वितरणाच्या २००७ मधील ४.० या आवृत्तीत चित्रमय इन्स्टॉलर आला, तेव्हा अक्षरांची जोडणी करावी लागणाऱ्या लिपी त्यात दाखवता येतात ही त्याची एक जमेची बाजू म्हणून सांगितली गेली. याचा व्यत्यास असा, की ज्या यंत्रावर चित्रमय इन्स्टॉलर उभा राहत नाही त्यावर अशा लिपींच्या भाषकाला सुरुवातीपासूनच दुसऱ्या भाषेचा आश्रय घ्यावा लागतो.

कन्सोलच कर्नलबाहेर काढून त्यास पँगोची जोड द्यावी, असा प्रयत्न २०१२ च्या सुमारास ‘केएमएसकॉन’ या प्रकल्पाने केला. त्याचा मूळ विकास काही वर्षांतच थंडावला, ही खेदाची बाब होय. देवनागरीच्या दृष्टीने तो योग्य दिशेचा होता.

कंपन्यांचा वाटा

ड्रायव्हर अपुरा राहण्याची जबाबदारी पुष्कळदा कर्नलकारांवर टाकली जाते. हा अन्याय आहे. इंटेलने २००८ मध्ये बाजारात आणलेल्या जीएमए ५०० या ग्राफिक्सचा गाभा पॉवरव्हीआर या परक्या रचनेचा होता, आणि त्याचा तपशील खुला नव्हता. नेटबुक वर्गातील स्वस्त संगणकांत तो बसला. त्याचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये रीतसर आला तो २०१२ च्या ३.३ या आवृत्तीत, आणि तोही पडदा उजळवण्यापुरता. त्रिमिती रेखाटनाची गती त्यात नाही. ‘इंटेल असेल तर लिनक्सवर चालतेच’ या समजुतीवर यंत्र घेणाऱ्याची अशी फसगत होई. एएमडीने सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या चिपांचे तपशील खुले करण्याचे जाहीर केले. त्याची फळे आज दिसतात. एनव्हिडियाच्या बाबतीत नूव्होचे कर्ते वर्षानुवर्षे चिपचे वर्तन न्याहाळून ड्रायव्हर लिहीत राहिले. २०१४ नंतरच्या चिपांना कंपनीची सही असलेलेच फर्मवेअर चालेल अशी व्यवस्था झाल्यावर चिपचा वेग वाढवणेही नूव्होला अशक्य झाले. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलसाठीचे मोड्यूल खुले केले, पण ते ट्युरिंग व त्यानंतरच्या चिपांसाठी. जुन्या कार्डांचे मालक, म्हणजे आपल्यासारखी महाविद्यालये, होती तेथेच राहिली. महाविद्यालयीन खरेदी समित्यांनी दरपत्रके मागवताना ग्राफिक्स चिपचे नाव व तिच्या खुल्या ड्रायव्हरची स्थिती ही एक रकाना म्हणून घातली, तर पुढील पाच-सात वर्षांचा मनस्ताप टळेल.

निदानाची भाषा

कर्नलचे संदेश इंग्रजीत असतात आणि ते तसेच राहावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. संदेश जसाच्या तसा शोधता आला पाहिजे, दुसऱ्या देशातील माणसाला दाखवता आला पाहिजे. त्याचे मराठीकरण केल्यास तो एकाकी पडेल. मराठीची गरज संदेशाच्या शेजारी आहे. कर्नलसोबत येणाऱ्या दस्तऐवजांत भाषांतरांसाठी स्वतंत्र दालन असून त्यात चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश या भाषा आहेत. भारतीय भाषांची जागा तेथे रिकामी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सच्या आज्ञांचे पाठ मराठीतून ऐकवले, हे काम मोलाचे आहे. मात्र ते यंत्र सुरळीत चालू आहे असे गृहीत धरून रचलेले आहे. संगणकशास्त्राच्या पदवी वर्गांतही ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे प्रक्रियांचे वेळापत्रक, बँकर्स अल्गोरिदम आणि पानांची अदलाबदल, यांची सी भाषेतील अनुकरणे, एवढाच प्रात्यक्षिकांचा आशय प्रायः असतो. २०२० च्या सुमारास लिनक्स कर्नलच्या एकूण ओळींपैकी सुमारे एक दशांश ओळी एकट्या एएमडीच्या ड्रायव्हरच्या होत्या. त्यांतील बराचसा भाग यंत्राने तयार केलेल्या व्याख्यांचा आहे हे मान्य केले, तरी ड्रायव्हर या विषयाला अभ्यासक्रमात मिळणारी जागा आणि प्रत्यक्ष कर्नलमधील त्याचे आकारमान यांतील तफावत नजरेत भरते. प्रयोगशाळेतील एका यंत्राची संदेशवही छापून द्यावी आणि तिच्यातील ग्राफिक्सविषयक ओळींचे विवरण विद्यार्थ्याकडून मराठीत लिहून घ्यावे, एवढे प्रात्यक्षिक कोणत्याही महाविद्यालयास विनाखर्च करता येण्याजोगे आहे.

यासंदर्भात कर्नलमधील एक अलीकडची घडामोड नोंदवावीशी वाटते. चित्रमय वातावरण चालू असताना कर्नल पूर्णपणे कोसळला, तर पूर्वी पडदा गोठून राही. फार तर कळफलकावरील दिवे लुकलुकत. २०२४ मधील ६.१० या आवृत्तीपासून अशा वेळी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मदतीने पडद्यावर सूचना दाखवण्याची सोय झाली, आणि त्याच वर्षीच्या ६.१२ मध्ये संदेशवहीचा मजकूर क्यूआर कोडच्या रूपात दाखवता येऊ लागला. मोबाइलने टिपला की मजकूर हाती येतो. मुक्या बिघाडाला येथे प्रथमच वाचा फुटली. तिची भाषा इंग्रजी आहे, परंतु तिचे साधन पाहण्यासारखे आहे : क्यूआर कोड हे चित्र आहे, अक्षर नव्हे. मरता मरता जो कर्नल ठिपक्यांचे असे चित्र काढू शकतो, कर्नलचे बोधचिन्हही त्या पडद्यावर रेखाटतो, त्याला आधीच घडवून ठेवलेले एक मराठी वाक्य चित्र म्हणून दाखवण्यास ना पँगो लागेल, ना ५१२ आकारांची मर्यादा आड येईल. वेलांटी कोठे जाते हे त्याला ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग शिळाछापावर काढले तेव्हा खिळ्यांचा प्रश्न त्यांनी असाच बाजूस सारला होता. खिळे त्यांनी पुढे पाडले. ‘यंत्र थांबले आहे, हे चिन्ह मोबाइलने टिपून प्रयोगशाळा सहायकास दाखवावे’ एवढ्या एका वाक्याचे चित्र आणि ते निवडण्याचा एक पर्याय, इतका बदल कर्नलकारांपुढे ठेवण्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा एक गट पुरेसा आहे.